दमास्कसचे पोलाद: नाव शहराचे, वडी दख्खनची

हाताने सुऱ्या घडवणाऱ्या कारागिरांत आणि हौशी मंडळींत एक वाद गेली पन्नास वर्षे चालू आहे. बाजारात 'दमास्कस' नावाचे लहरदार नक्षीचे पोलाद तयार पट्टीच्या रूपात मिळते. ती पट्टी विकत आणायची, आकार कापायचा, धार काढायची, आम्लात बुडवून नक्षी वर आणायची, मूठ बसवायची आणि सुरी आपल्या नावाने विकायची. यावर काहींचा आक्षेप असा, की ज्याने पोलाद स्वतः भट्टीत घडवले नाही त्याने सुरीवर आपले नाव कोरू नये. तयार माल विकत घेणारा तो कसला लोहार?

मला हा आक्षेप पटत नाही, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. ज्या पोलादामुळे दमास्कस शहराचे नाव जगभर झाले, ते पोलाद दमास्कसच्या लोहारांनी बनवलेले नव्हते. तेही तयारच विकत घेतलेले होते. सीरिया आणि इराणातल्या नामवंत कारागिरांपर्यंत ते वड्यांच्या रूपात, समुद्रमार्गे आणि उंटांच्या काफिल्यांतून पोहोचत असे. त्यातल्या उत्तम वड्यांचा मोठा भाग जात होता आपल्या दख्खनमधून. नाव मात्र उरले ते पाते घडवणाऱ्या आणि विकणाऱ्या शहराचे. वडी बनवणाऱ्या गावाचे नाव आज शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या माणसालाही सांगता येत नाही.

आधी शब्दांकडे पाहू, कारण या व्यापाराचा सर्वांत जुना हिशेब शब्दांतच शिल्लक आहे. अरबीत उत्तम तलवारीला 'मुहन्नद' म्हणतात. त्याचा साधा अर्थ 'हिंदी', म्हणजे हिंदात बनलेली किंवा हिंदी पोलादाची. इस्लामपूर्व काळापासून अरबी काव्यात हा शब्द आहे. काब इब्न झुहैर यांनी रसूलुल्लाहंच्या समोर म्हटलेला जो कसीदा प्रसिद्ध आहे, त्यातही तो येतो. मदिनेतल्या श्रोत्यांना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसणार. तलवार चांगली म्हणजे ती हिंदची, हे त्यांच्या बोलीतच मुरलेले होते.

उलट दिशेने आलेला शब्द म्हणजे आपला 'पोलाद'. मराठी माणूस तो इतक्या सहजतेने वापरतो की हा फारसी 'पूलाद' आहे हे ध्यानातही येत नाही. रशियनांनी याच शब्दाचा 'बुलात' केला. आणि 'जौहर'? उर्दूत आपण एखाद्याने आपले जौहर दाखवले असे म्हणतो, तेव्हा रत्न आणि गुण हे दोनच अर्थ मनात असतात. तिसरा अर्थ विस्मरणात गेला. पोलादी पात्याच्या अंगावर जी बारीक लहरींची, मुंग्यांच्या रांगांसारखी जाळी दिसते, तिचे नाव जौहर. तलवारीचे जौहर दाखवणे म्हणजे मुळात ही जाळी उजळून दाखवणे. गालिबच्या शायरीत आरशाच्या जौहरचा उल्लेख वारंवार येतो आणि आजच्या वाचकाला तो कोड्यात टाकतो, कारण आपला आरसा काचेचा. त्या शायरीतला आरसा घासून लखलखीत केलेल्या पोलादाचा. म्हणून त्याला जौहर असते आणि म्हणूनच त्याला गंजही चढतो.

आणखी एक शब्द तर आपल्या घरातलाच आहे. अरबी 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणे. त्याला फारसी 'गर' लागून 'सैकलगर' झाला, आणि महाराष्ट्रात आल्यावर 'शिकलगार'. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे भागांत हे आडनाव लावणारी मुस्लिम कुटुंबे आहेत. त्यांच्या वाडवडिलांचे काम हत्यारांना धार लावणे आणि पाते उजळणे. लोहाराने घडवलेल्या पात्यात जौहर दडलेले असते, ते डोळ्यांना दिसते करायचे काम शिकलगाराचे. पुढे हत्यारे गेली आणि कात्र्या, विळ्या, अडकित्ते राहिले.

आता पुस्तकांकडे वळू. नवव्या शतकात बगदादचे तत्त्वज्ञ अल-किंदी यांनी तलवारींवर एक छोटा ग्रंथ लिहिला, तो खलिफा अल-मुअतसिम यांच्यासाठी. या खलिफांचा काळ इ. स. ८३३ ते ८४२. ग्रीक तत्त्वज्ञान अरबीत रुजवणारा हा पंडित तलवारींवर लिहितो म्हणजे काहीतरी गूढ असेल असे वाटते. पण ग्रंथ अगदी व्यवहारी आहे. तलवार विकत घेणाऱ्याने काय पाहावे, हे त्यात सांगितले आहे. खाणीतून मिळणारे लोखंड कोणते, आणि खाणीत न मिळता माणसाने भट्टीत तयार केलेले पोलाद कोणते. कोणत्या मुलखाच्या तलवारीचे अंग कसे दिसते, जौहर बारीक की ठसठशीत, पार्श्वभूमी काळसर की पिवळसर. सरनदीबचे, म्हणजे श्रीलंकेचे, पोलाद दुसऱ्या मुलखात नेऊन तिथे तलवारी घडवल्या जात, हेही त्यांना ठाऊक होते आणि त्यात त्यांना काही कमीपणा दिसला नाही. दमास्कसच्या तलवारींचा उल्लेख त्यांच्या यादीत आहे, पण तो अनेकांतला एक. अकराव्या शतकात अल-बिरुनी यांनी रत्ने आणि धातूंवरच्या आपल्या ग्रंथात मुशीतल्या पोलादाची माहिती दिली. तिथे त्यांनी मझ्यद इब्न अली या दमास्कसच्या लोहाराचा आणि त्याच्या तलवारींवरील पुस्तकाचा आधार घेतला आहे. ते पुस्तक आज उपलब्ध नाही.

मुशीतले पोलाद म्हणजे काय, हे इथे थोडे थांबून सांगायला हवे. साध्या भट्टीत कोळशाबरोबर तापवून जे लोखंड निघते ते मऊ असते, त्यात मळी असते आणि कर्ब जवळजवळ नसतो. अशा लोखंडाचे तुकडे मातीच्या लहान मुशीत घालायचे, सोबत कोळसा किंवा झाडपाला ठेवायचा, तोंड चिखलाने बंद करायचे आणि भात्याने भट्टी फुलवून ते आतल्या आत वितळवायचे. दक्षिणेत सेलमच्या बाजूला तरवडाचे वाळके लाकूड आणि रुईची हिरवी पाने घालत असत. लाकडातला कर्ब लोखंडात शिरतो, मळी वितळून वर तरंगते, आणि मूस थंड झाल्यावर फोडली की तळाशी पोलादाची गोल वडी सापडते. या वडीत साधारण दीड टक्का कर्ब असतो, म्हणजे चाकूच्या नेहमीच्या पोलादापेक्षा बराच जास्त. मूस ज्या मातीची बनवत तिच्यात भाताचा कोंडा मळलेला असे. कोंडा जळून मागे राहतो तो सांगाडा, आणि त्यामुळे मूस प्रचंड उष्णतेतही कोसळत नाही. ही गोष्ट कोणा विद्यापीठात शोधली गेली नव्हती.

तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. जिल्ह्याच्या पलीकडच्या बाजूला सीमा ओलांडली की आपला नांदेड. १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या संस्थानात होता आणि १९५६ पर्यंत मराठवाडा व तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते, तेव्हा हे गाव आपल्याला परके मानायचे कारण नाही. १८२०च्या सुमारास डॉ. हेन्री व्हॉयसी नावाचा इंग्रज वैद्य व भूगर्भशास्त्रज्ञ इथे आला. तो कर्नल लॅम्बटन यांच्या भूमापन मोहिमेत होता. १८२४ मध्ये तो वारला आणि त्याचे टिपण १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. कोनसमुद्रमच्या भट्टीचे डोळ्यांनी पाहून केलेले जे वर्णन आज आपल्या हाती आहे, ते मुख्यतः हेच.

व्हॉयसीने पाहिले ते असे. कोनसमुद्रमचे लोहार एकाच खाणीच्या लोखंडावर विसंबत नव्हते. आसपासच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणांचे लोखंड ते तीनास दोन या प्रमाणात मुशीत घालत. भट्टी सुमारे चोवीस तास धगधगत ठेवत. मूस फोडून निघालेली वडी दीड पौंडाच्या आसपास, म्हणजे पाऊण किलोला थोडी कमी. ही वडी लगेच ऐरणीवर घेता येत नाही, ती ठिसूळ असते. म्हणून तिला चिखलाचा लेप देऊन पुन्हा बारा-सोळा तास भट्टीत ठेवायचे, थंड करायचे, आणि असे तीन-चार वेळा, घण सोसेल इतकी ती नरम होईपर्यंत. लाकूड, कोळसा आणि माणसांची जागरणे यांचा हिशेब केला तर एका वडीमागे काय खर्च पडत असेल याची कल्पना येते.

आणि तिथेच व्हॉयसीला भेटला इस्फहानचा एक व्यापारी, हाजी हुसेन. दख्खनच्या त्या आडगावात हा इराणी माणूस पोलाद खरेदीसाठी मुक्काम ठोकून होता. त्याची ही पहिली खेप नव्हती. वीस वर्षांपूर्वीही तो याच कामासाठी येऊन गेला होता. माल तयार होताना तो जातीने हजर राहत होता. त्याने व्हॉयसीला सांगितलेली गोष्ट फार मोलाची आहे. कोनसमुद्रम हे गाव आणि तिथली पद्धत इराणात सर्वांना माहीत होती, इराण्यांनी ती करून पाहिली होती, पण तसा माल काही त्यांना साधला नाही. म्हणून हाजीला येणे भाग होते. भट्टीवर तेलुगू बोलणारा कम्मरी लोहार, समोर फारसी बोलणारा हाजी, आणि दोघांमधला व्यवहार बहुधा दख्खनी किंवा तेलुगूच्या मोडक्यातोडक्या शब्दांत. तलवार म्हटली की ती एका धर्माच्या गळ्यात अडकवणाऱ्यांनी हे दृश्य जरूर डोळ्यांसमोर आणावे.

हाजी हुसेन हा या व्यापाराच्या अखेरच्या खरेदीदारांपैकी असावा. त्याच्याआधी दीडशे वर्षे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए गोवळकोंड्याला अनेकदा येऊन गेला होता. त्याने लिहून ठेवले आहे, की ज्या पोलादावर लहरींची नक्षी उठते ते गोवळकोंड्याच्या राज्यातून येते, बाजारात ते एका सू किमतीच्या पावाएवढ्या वड्यांत मिळते, आणि आतली प्रत कशी आहे हे पाहण्यासाठी वडी मधोमध कापतात. सतराव्या शतकात मच्छलीपट्टणसारख्या कोरोमंडलच्या बंदरांतून अशा हजारो वड्या इराणकडे रवाना होत. त्या वाहतुकीत डच कंपनीचाही हात होता. गोवळकोंड्याचे नाव आपण हिऱ्यांसाठी लक्षात ठेवले. पोलादाच्या वडीला कोहिनूरसारखे नाव कोणी दिले नाही.

मग दमास्कसच्या किंवा इस्फहानच्या लोहाराने केले तरी काय? पुष्कळ केले. विकत घेतलेली वडी म्हणजे तलवार नव्हे. इतका कर्ब असलेले पोलाद लालबुंद तापेपर्यंतच घाव सोसते. साध्या लोखंडासारखे पांढरे होईस्तोवर तापवून घण घातला की त्याचा भुगा होतो. युरोपातले लोहार पुढे नेमके इथेच फसले. म्हणून मंद तापवायचे, थोडे ठोकायचे, पुन्हा तापवायचे, असे कितीतरी वेळा करत गोल वडीची लांब पात होते. प्रत्येक वेळच्या या तापण्या-निवण्यातच कर्बयुक्त कठीण कण आत ओळीने जमत जातात, आणि जौहर म्हणजे हेच कण. पात्याला पाणी पाजून झाले की शिकलगार ते घासणार आणि मग त्यावर खनिज क्षाराचे पाणी फिरवणार. इराणी लोक त्याला 'जाग' म्हणत, आपल्या हिराकशीच्या जातीचे द्रव्य. मऊ भाग काळवंडतो, कठीण कण पांढरे चमकतात, आणि पाण्यावरच्या लहरी उमटतात. काही कारागीर पात्यावर आडव्या खाचा पाडून मग ती सपाट ठोकत; त्यामुळे लहरींत शिडीच्या पायऱ्या उठत. अशा पात्याचे नाव 'किर्क नर्दबान', चाळीस पायऱ्यांचे. हे कसब वडीत नव्हते, हातात होते. तयार माल घेतल्याने त्यांचे श्रेय कमी होत नाही.

खुद्द दमास्कसचे काय झाले, तेही सांगतो. १४०१ मध्ये तैमूरने शहर लुटले आणि तिथले कारागीर समरकंदला नेले. त्यानंतर तलवारींचा मान इराणकडे सरकला. इस्फहानच्या असदुल्लाह या लोहाराचे नाव तर इतके चालले की त्याची सही पुढे कितीतरी पात्यांवर दुसऱ्यांनीही घातली. तरी युरोपीय माणूस लहरींचे पाते दिसले की 'दमास्कस' म्हणत राहिला. काही जण या नावाचा संबंध दमास्कसच्या नक्षीदार कापडाशी जोडतात. लहरी तशाच दिसतात, तेव्हा तेही अशक्य नाही. त्यात भर पडली कथांची. वॉल्टर स्कॉटने १८२५च्या आपल्या कादंबरीत सुलतान सलाहुद्दीनकडून रेशमी उशी आणि हवेत तरंगती ओढणी तलवारीने कापून दाखवली. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते घडलेलेच मानले. दुसरी कथा अधिक विषारी: ही पाती म्हणे जिवंत गुलामाच्या अंगात खुपसून थंड करत. याला कसलाही आधार नाही, पण धातुशास्त्राच्या पुस्तकांतूनही ती मजेदार माहिती म्हणून फिरत राहिली.

नाव बाजाराचे आणि माल दुसऱ्याचा, हा प्रकार पुढे आणखी एकदा घडला, आणि तो आपल्या मुंबईच्या बाबतीत. १७९४ मध्ये मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे या पोलादाचे नमुने पाठवले आणि त्याला 'वूट्झ' म्हटले. हा शब्द बहुधा कन्नड-तेलुगू 'उक्कु' याचा ऐकण्यात किंवा लिहिण्यात झालेला विपर्यास. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला आणि त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होते असे छापले! मुंबईत ते केवळ विकत मिळत होते.

त्या नमुन्यांनी युरोपात मात्र खळबळ उडवली. लंडनचा चाकू-कात्र्यांचा कारागीर जेम्स स्टोडार्ट शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी हिंदी वडीसारखे दुसरे पोलाद नाही असे म्हणे. त्याच्याबरोबर काम करणारा तरुण म्हणजे मायकेल फॅरडे, एका लोहाराचा मुलगा. विजेतल्या शोधांच्या आधी फॅरडेने १८१८ ते १८२२ ही वर्षे या वडीचे रहस्य शोधण्यात घालवली. त्याला वाटले गुण ॲल्युमिनियममध्ये आहे. ते चुकीचे ठरले, पण पोलादात मुद्दाम दुसरे धातू मिसळून पाहण्याची वाट त्यातून रुळली. पॅरिसच्या टांकसाळीतल्या ब्रेआँ यांनी १८२३च्या सुमारास खरे उत्तर सांगितले: कर्ब जास्त आणि निवणे सावकाश. रशियात झ्लातोउस्तच्या कारखान्यात अनोसोव्ह यांनी १८४१ मध्ये 'बुलात'वर ग्रंथच प्रसिद्ध केला. ज्याला आपण आधुनिक धातुशास्त्र म्हणतो, त्याच्या पायात कम्मरी लोहाराची ही वडी अशी कुठेतरी आहे.

दख्खनमध्ये मात्र याच शतकात भट्ट्या विझत गेल्या. इंग्रजी कारखान्यांचे स्वस्त लोखंड बंदरांतून आत आले. जंगलांवर सरकारी बंधने आली आणि कोळसा महागला. संस्थानांच्या फौजा मोडल्या, १८५७ नंतर हत्यारे काढून घेतली गेली, १८७८ मध्ये शस्त्रकायदा झाला. तलवार कमरेवरून भिंतीवर गेली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वडी बनवणारे हात जवळजवळ थांबले. आणि वडी यायची थांबली तशी इराण-सीरियातल्या लोहारांची ती विद्याही संपली. हातोडा तोच होता, शिकवण तीच होती, पण पुरवठा तुटला होता.

हे असे का व्हावे याचा एक पटण्याजोगा उलगडा १९९८ मध्ये पुढे आला. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन व्हर्होव्हन आणि फ्लोरिडातील नालबंद-लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी अनेक वर्षे मिळून मुशीत वड्या ओतून पाहिल्या. त्यांना आढळले की लहरी उमटण्यासाठी लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अतिसूक्ष्म अंश लागतो, टक्क्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. तो अंश काही खाणींच्या लोखंडात असतो, काहींत नसतो. लोहाराला व्हॅनेडियम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कोणत्या गावचे लोखंड घ्यायचे आणि कोणत्या गावचे किती, एवढे त्याला ठाऊक होते. कोनसमुद्रमच्या तीनास दोन या प्रमाणाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहतो. इराण्यांना पद्धत माहीत असूनही माल का साधला नाही, याचे उत्तरही कदाचित इथेच असेल. २००६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी बर्नच्या संग्रहालयातील एका जुन्या पात्यात कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्या पाहिल्याचे जाहीर केले आणि वर्तमानपत्रांनी त्याचा गाजावाजा केला. त्या पात्याचा कर्ता म्हणून नोंदलेले नाव होते असदुल्लाह.

तयार माल घेण्यात आपले लोकही मागे नव्हते, हे ओघाने सांगायला हवे. ज्या काळात दख्खनच्या वड्या इराणला जात होत्या, त्याच काळात पोर्तुगीज आणि इतर युरोपीय जहाजांतून सरळ लांब पाती आपल्या किनाऱ्यावर उतरत होती. त्यांवर दख्खनी मूठ चढवून जी तलवार होई तिचे नाव 'फिरंग', आणि मराठा सैन्यात तिला मोठा मान होता. तिच्या लांब, लवचीक पात्याची गरज निराळी होती. जिथे जे चांगले मिळते तिथून ते घ्यावे, असा साधा हिशेब.

आता आजच्या पट्टीकडे. 'दमास्कस' म्हणून आज जे विकले जाते ते वडीचे पोलाद नाही. दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकावर एक रचून, तापवून, घणाखाली एकजीव करायचे, मग घडी घालायची, पिळायची, खाचायची. अशाने नक्षी तयार होते. ही पद्धतही फार जुनी आहे, पण ती वेगळी आहे. वडीत नक्षी आपोआप आतून उमलते, थरांच्या पट्टीत ती कारागीर रचतो. अमेरिकेचे विल्यम मोरान यांनी १९७३ मध्ये सुरी-कारागिरांच्या प्रदर्शनात अशा थरांच्या सुऱ्या 'दमास्कस' या नावाने मांडल्या आणि तिथून हे नाव पुन्हा बाजारात रुजले. मुशीतून खरी वडी काढणारे कारागीर जगात आज आहेत, पण मोजके. त्यांचा माल महाग आणि तो 'वूट्झ' या नावाने विकला जातो.

थरांची पट्टी वाईट असते असे मुळीच नाही. १०९५ आणि १५एन२० या दोन पोलादांची जोडी सर्वमान्य आहे. दोन्ही पाणी पाजल्यावर कडक होतात. दुसऱ्यात सुमारे दोन टक्के निकेल असल्याने आम्लात ते चांदीसारखे पांढरे राहते आणि पहिले काळे पडते. स्वीडनमध्ये तर पोलादाच्या भुकटीपासून न गंजणारी नक्षीदार पट्टी बनते. पंचाईत होते ती स्वस्त मालात. पंजाबातल्या, आज पाकिस्तानात असलेल्या, वजिराबादला सुऱ्या-चाकूंची मोठी परंपरा आहे आणि या नावाच्या पट्ट्या व सुऱ्या तिथून जगभर जातात. त्यात फार सुंदर काम असते, आणि ज्यात कोणते लोखंड घातले हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही असा मालही असतो. एका थरात साधे मऊ लोखंड असले तर नक्षी झकास उठते, पण धार टिकत नाही. थर नीट जुळले नसतील तर पापुद्रे सुटतात. आणि काही पात्यांवर तर नक्षी नुसती वरून कोरलेली किंवा छापलेली असते.

तेव्हा घेणाऱ्याने काय पाहावे? नवव्या शतकात खलिफाला पडलेला प्रश्नच आज चाकू करणाऱ्याला पडतो. पट्टीतल्या दोन्ही पोलादांची नावे विचारावीत आणि पावतीवर लिहून घ्यावीत. नाव सांगता येत नसेल त्याला किती अंशांवर तापवायचे आणि तेलात विझवायचे की पाण्यात, हेही सांगता येणार नाही, आणि पट्टीचे पाते होताना नेमके तिथेच सगळे बिघडते. पृष्ठभाग कानशीने घासून काढावा, नक्षी जाईल. मग फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणात थोडा वेळ बुडवावे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तांब्याचे सर्किट कोरण्यासाठी मिळते तेच हे. खरी नक्षी अंगभर असते, ती परत उमटते. छापलेली असेल तर लोखंड कोरेच राहते. आणि सुरी करण्याआधी पट्टीच्या टोकाचा एक बोटभर तुकडा कापून घ्यावा, त्याला पाणी पाजावे, आणि पक्कडीत धरून मोडून आतला दाणा पाहावा. बारीक, राखी, सलग दाणा दिसला तर पट्टी कामाची. गोवळकोंड्याच्या बाजारात वडी घेणारेही ती मधोमध कापून हेच पाहत होते.